मामा, ती फांदी तुम्ही मोडू दिली नाहीत

मामा, नमस्कार.

तुमची नात हे मोबाईलवर वाचून दाखवील, म्हणून इथंच लिहितो.

गेल्या जुलैत साताऱ्यातल्या कोयनेकडच्या हुंबर्लीजवळच्या ओढ्यात तुम्ही पुढं, मी मागं. पाऊस असा की इरल्यावरच्या आवाजात माझं बोलणं तुम्हाला ऐकू जाईना. वाटेत आडवी आलेली फांदी मोडायला मी हात घातला आणि तुम्ही मनगटच धरलंत. बॅटरी पानाखालून धरलीत तेव्हा दिसलं: पानावर बेडकाच्या अंड्यांचा पारदर्शक पुंजका, खाली वाहतं पाणी. अंडी फुटली की पिल्लं थेट ओढ्यात पडणार. मी फांदी तोडली असती तर सगळी वाटेवर पडून तुडवली गेली असती. कॅमेरा घेऊन बेडूक ‘वाचवायला’ आलेला मी!

मग बॅटरी विझवून गप्प बसायला लावलंत. अर्ध्या तासाने आवाजाच्या अंदाजाने दगडाच्या कपारीत नेमका प्रकाश टाकलात. सुरकुतलेल्या कातडीचा, डोळ्यात शंकरपाळ्यासारखी बाहुली असलेला तो बेडूक, बॉम्बे नाईट फ्रॉग. सह्याद्रीच्या आपल्या या उत्तर भागाबाहेर तो सापडत नाही. १९५५ साली त्याला पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलालींचं नाव दिलं. बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीविरुद्ध लढलेला माणूस, म्हणून मला ते नाव फार आवडतं.

रात्री चुलीपाशी मी सांगितलं ते आठवतं? तुमच्याच भागात रात्री जागून संशोधकांनी २०१६ साली छापलं, की या जातीचा नर मादीला मिठी मारत नाही. तिच्या पाठीवर बसतो, पण हात पानावर टेकवतो. पाठीवर शुक्राणू सोडून उतरतो, मादी अंडी घालते ती त्यानंतर, आणि तिच्या पाठीवरून ओघळून शुक्राणू अंड्यांपर्यंत पोचतात. तोवर बेडकांच्या मीलनाच्या सहा तऱ्हा ठाऊक होत्या, ही सातवी. तुम्ही म्हणालात, “म्हंजी गडी आधीच पळतो व्हय!” आणि मामी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “मग ह्यात नवं काय?”

त्या भाकरीचे, हुलग्याच्या पिठल्याचे आणि वाळायला दिलेल्या घोंगडीचेही आभार. पण सगळ्यात जास्त त्या धरलेल्या मनगटाचे.

फोटो हललाय, मामा. तरी मोठा करून पाठवतोय. डावीकडच्या कोपऱ्यात तुमचा अंगठा आलाय, तो मी कापलेला नाही.

तुमचा,
पुण्याचा पाहुणा