हिरोशिगेचे ते चित्र आत्मचित्र नव्हे

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत जपानी चित्रकार हिरोशिगेच्या चित्राखाली ‘आत्मचित्र, मृत्यू ६ सप्टेंबर १८५८’ अशी ओळ आहे. तिच्यात दोन चुका आहेत. चित्रात हिरोशिगे आहे, पण ते काढले कुनिसादा या चित्रकाराने (‘तिसरा तोयोकुनी’ हे त्याचेच पुढचे नाव), आणि तेही हिरोशिगे गेल्यावर. शिवाय जपानी नोंदीतला ‘नववा महिना, सहावा दिवस’ चांद्र पंचांगातला आहे; इंग्रजी तारीख १२ ऑक्टोबर येते. पुण्यतिथी तिथीने की तारखेने हा वाद ज्यांच्या घरी दरवर्षी होतो, त्यांना हा घोळ लगेच कळेल. वयाचेही तसेच. जपानात तेव्हा जन्मतःच एक वर्ष धरत आणि दर नव्या वर्षाला एक वाढवत, म्हणून १७९७ साली जन्मलेला हिरोशिगे मृत्यूसमयी ६२ वर्षांचा मोजला जातो.

कोणी गेल्यावर काढलेल्या अशा स्मृतिचित्रांना जपानीत ‘शिनि-ए’ म्हणतात, शब्दशः मृत्युचित्रे. ती बहुतेक काबुकी या पारंपरिक जपानी नाटकातल्या नटांची असत. १८५४ मध्ये आठव्या इचिकावा दान्जुरो या नटाने (हे नाव घराण्यात पिढ्यान्पिढ्या चालते) ओसाकात आत्महत्या केली, तेव्हा दोनशेच्या वर निरनिराळी चित्रे निघाली असे सांगतात. काहींत तो बुद्धाच्या महापरिनिर्वाणासारखा पहुडला आहे आणि भोवती बायका धाय मोकलून रडत आहेत. भक्ती किती नि थट्टा किती, हे ठरवणे अवघड!

नट ओळखायला चेहऱ्यापेक्षा कपड्यावरचे कुलचिन्ह बरे. दान्जुरो घराण्याचे एकात एक तीन चौकोन असतात. अंगात बहुधा ताठ खांद्यांचा फिका निळा ‘कामिशिमो’ हा पोशाख, हातात जपमाळ, जवळ अंत्यविधीत वापरतात ती शिकिमी या झाडाची फांदी. मजकुरात मृत्यूचा दिवस, वय, मरणोत्तर बौद्ध नाव, मंदिर आणि कधी निरोपाची कविता. पुष्कळ नटचित्रांवर ना चित्रकाराची सही, ना प्रकाशकाची खूण, ना सरकारी तपासणीचा शिक्का. तेव्हा सही नाही एवढ्यावरून चित्र बनावट ठरवू नये. हिरोशिगेच्या चित्रावर मात्र सही आहे, आणि आपण हे अश्रू ढाळत काढले असे तोयोकुनीने तिच्याबरोबर लिहिले आहे.

सही-शिक्के राहून जात ते घाईमुळे. बातमी शिळी व्हायच्या आत चित्र दुकानात यायला हवे. पातळ कागदावरचे रेखाटन रानटी चेरीच्या फळीवर पालथे चिकटवून त्यातूनच रेषा कोरत. मूळ रेखाटन तिथेच संपे. रेषांच्या या मुख्य ठशाने छापलेल्या प्रतींवरून प्रत्येक रंगाची वेगळी फळी कोरायची. फळीच्या कोपऱ्यात काटकोनी आणि लांब कडेला सरळ अशा दोन खाचा ठेवत. कागद त्यांना टेकवला की रंग रेषेत बसतो. कागदाला आधी तुरटी-सरसाचा हात देऊन तो ओलसर करत. ओल कमी-जास्त झाली की कागद ताणतो किंवा आकसतो, आणि खांद्याचा निळा रेषेबाहेर सांडतो. मजकूर कोरण्यापूर्वी पडताळायला वेळ नसे. म्हणून एकाच नटाच्या दोन चित्रांत वय, दिवस, मंदिरसुद्धा वेगळे सापडते. एका चित्रावरून मृत्युतारीख उचलणे धोक्याचे, ते यासाठीच.

आणखी एक सूचना. जुन्या छपाईत दिवसफुलाच्या (इंग्रजीत dayflower) पाकळ्यांचा निळा असेल तर तो उजेडाने उडून पिवळट-बदामी होतो आणि पाणी लागताच विरघळतो. १८३० च्या सुमारास रुळलेला प्रशियन निळा हा कृत्रिम रंग बराच टिकतो. रंग कोणता हे नक्की कळेपर्यंत डाग पुसायला ओला बोळा लावू नये. कडेला, चौकटीखाली झाकलेल्या पट्टीत, मूळ छटा आधी पाहावी.

दुरुस्ती छापाल तेव्हा ओळ अशी असावी: ‘उतागावा हिरोशिगे याचे स्मृतिचित्र. चित्रकार: तिसरा तोयोकुनी (कुनिसादा). लाकडी ठशांची रंगीत छपाई, १८५८.’

आपला,
एक वाचक