व्हिएन्नाचा फोटो

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन मधेच ठेवलास. तेव्हाच ठरवलं, पत्रात जेवणाचा विषय काढायचा नाही.

म्युझियममधला तुझा फोटो मोठा करून पाहिला. काचेमागे ऑस्ट्रियातल्या विलेंडॉर्फची ती दगडी बाई, शेजारी तू. जेमतेम 11 सेंटिमीटरची, मुठीत मावेल एवढी. पण पोट, मांड्या, छाती कशी भरलेली! बारीकसे हात छातीवर टेकवलेले, चेहरा नाहीच, डोक्याभोवती वेण्यांसारखे पेड. आणि तुझ्या गळ्याची हाडं वर आलेली. हिमोग्लोबिन 8.6 आलंय हे तू आईला सांगितलंस, मला नाही.

तीस हजार वर्षांपूर्वीची ती, भर हिमयुगातली. अंगावरची चरबी म्हणजे थंडीतून तगायची ठेव, असं काही अभ्यासक मानतात म्हणालीस. मग तुला कळत कसं नाही? तिकडे बर्फ पडतंय आणि तू ब्रेडवर दिवस काढतेस... चुकलो. पुन्हा तेच सुरू केलं. रागावू नकोस.

तिचा दगड बहुधा इटलीतला, गार्डा सरोवराकडचा, हे वाचून मी थांबलोच. एवढ्या लांब कुणीतरी तिला जपत नेलं. पावलं नाहीत, म्हणजे उभी राहायची नाही, हातातच धरायची. गेरूही लावला होता तिला.

शाळा बुडवून मी इनामगावच्या प्राचीन वस्तीच्या खोदकामावर घमेली वाहायचो, ते तुला शंभरदा सांगितलंय. तिथली ती मुंडकं नसलेली मातीची बाई आणि तिचा बैल पुस्तकात दाखवला, तेव्हा तू सातवीत होतीस. रात्रभर प्रश्न विचारलेस. एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. तिथं दोन रांजणं तोंडाला तोंड लावून पुरलेली निघायची, आत तान्हं लेकरू. घराच्याच जमिनीखाली. गेलेलं पोरसुद्धा त्या लोकांनी उंबऱ्याबाहेर नेलं नाही. घरी येऊन आजीला सांगितलं, तर ती त्या रात्री जेवली नाही.

शिरूरच्या स्टँडवर भेटेल त्याला सांगतो, आमची मनू हिमयुगातल्या मूर्तींवर पीएचडी करते. धाकट्या काकाला तर तुझा फोटोही दाखवला. त्यानेही आधी तेच विचारलं, पोरगी एवढी का वाळली?

अळीव पाठवतोय, पाव किलो. रात्री भिजत घाल, सकाळी दुधातून घे. पुढचा रिपोर्ट आला की आकडा आधी मला सांग.

तुझे
अप्पा