‘पेट शॉप बॉइज’ रातोरात पहिले आले नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत ऐंशीच्या दशकातील इंग्रजी पॉप संगीतावर आलेला लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात हा विषय क्वचितच येतो, त्यामुळे आनंद वाटला. मात्र ‘पेट शॉप बॉइज’ या ब्रिटिश जोडीविषयीचा परिच्छेद मला मान्य नाही. सिंथेसायझर हाताशी आला, त्याने गाणे तयार करून दिले आणि दोन तरुण एका रात्रीत गाण्यांच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, असा त्याचा सूर आहे. मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. ‘तुमचं काय, बटणं तर दाबायची’ हे आम्हा मंडळींच्या कानावर सतत पडते. ढोलकीवाल्याला असे कोणी म्हणत नाही. म्हणून हे पत्र लिहावेसे वाटले.

या जोडीतले नील टेनंट आणि ख्रिस लो यांची गाठ पडली ऑगस्ट १९८१ मध्ये, लंडनच्या किंग्ज रोडवरील इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानात. टेनंट सत्तावीस वर्षांचा, प्रकाशन व्यवसायात संपादनाची नोकरी करणारा. लो त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, लिव्हरपूलला आर्किटेक्चर शिकणारा. टेनंट पुढच्या वर्षी ‘स्मॅश हिट्स’ या पॉप संगीताच्या पाक्षिकात लागला आणि १९८३ मध्ये ‘द पोलिस’ या बँडच्या वार्तांकनासाठी न्यूयॉर्कला गेला. तिथे त्याने बॉबी ऑर्लँडो या निर्मात्याची भेट घेतली. ऑर्लँडोच्या नृत्यसंगीताच्या तबकड्यांवर टेनंट आणि लो या दोघांचाही जीव होता. जेवणाच्या टेबलावर बोलणे निघाले आणि ऑर्लँडो त्यांची तबकडी काढायला तयार झाला.

‘वेस्ट एंड गर्ल्स’ हे गाणे अशा रीतीने १९८४ मध्ये पहिल्यांदा बाजारात आले. लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या क्लबांत ते वाजले, पण खुद्द ब्रिटनमध्ये पहिल्या शंभरातही पोहोचले नाही. त्यानंतर ऑर्लँडोबरोबरच्या करारातून सुटताना पुढच्या कमाईतला वाटा त्याला देणे भाग पडले. १९८५ मध्ये पार्लोफोन कंपनीने दोघांना घेतले आणि टेनंटने पाक्षिकाची नोकरी सोडली. त्या जुलैत कंपनीने काढलेली त्यांची पहिली तबकडीही पडली. म्हणजे भेटीला चार वर्षे झालेली, पगार बंद आणि हाती आलेली दोन्ही गाणी आपटलेली. पत्रकार असल्याने टेनंटला या धंद्यातल्या खाचाखोचा माहीत होत्या, ओळखीही होत्या, हे खरे. पण ओळखींनी गाणे वर जात असते तर ही दोन का पडली असती?

यानंतर त्यांनी जे केले ते मला फार मोठे वाटते. पडलेलेच गाणे त्यांनी पुन्हा हाती घेतले. स्टीफन हेग या निर्मात्याबरोबर ‘वेस्ट एंड गर्ल्स’ नव्याने ध्वनिमुद्रित केले. आधीचे ध्वनिमुद्रण क्लबमध्ये नाचण्यासाठी बांधलेले, ठोका कडक, चाल जलद. हेगने लय खाली आणली. ऑर्केस्ट्रात काम केलेल्या कुणालाही विचारा, चालत्या गाण्याची लय कमी करायला किती धीर लागतो. लय उतरली की प्रत्येक स्वर उघडा पडतो, लपायला जागा राहत नाही. सुरुवातीला स्टुडिओबाहेरच्या रस्त्यावरचे आवाज आले, त्याखालून लांब धरलेले स्वर आणि मग बेस. हेलेना स्प्रिंग्ज या गायिकेचा आवाज नव्याने आला. मधला ट्रम्पेट एम्युलेटर नावाच्या सॅम्पलरवर, म्हणजे खऱ्या वाद्यांचे साठवलेले आवाज कीबोर्डवर वाजवणाऱ्या यंत्रावर, वाजवलेला आहे, पण कुठे फुंकायचे आणि कुठे थांबायचे हे वाजवणाऱ्यानेच ठरवले ना?

शब्दांचेही तेच. कडवी टेनंट गात नाही, बोलतो. ग्रँडमास्टर फ्लॅशच्या ‘द मेसेज’ या रॅप गाण्याचा त्याच्यावर प्रभाव होता. पण अमेरिकन उच्चारांची नक्कल न करता तो आपल्या इंग्रजी ढंगातच बोलला. वेगवेगळ्या माणसांचे आवाज एकात एक मिसळण्याची कल्पना टी. एस. एलियटच्या कवितेवरून सुचलेली. यातले काहीही यंत्राच्या डबीत भरून आलेले नव्हते.

नवे ध्वनिमुद्रण ऑक्टोबर १९८५ मध्ये निघाले. तेही लगेच उसळले नाही. यादीत हळूहळू चढत गेले आणि जानेवारी १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये पहिले आले, मे महिन्यात अमेरिकेतही. पुढच्या दोन वर्षांत या जोडीची आणखी तीन गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली आणि गायिका डस्टी स्प्रिंगफील्डबरोबरचे एक दोन्ही देशांत दुसरे आले. ते सगळे आपल्या लेखात आहेच.

यंत्रच यश देते असे मानणाऱ्यांना मुंबईचे उदाहरण सांगतो. हिंदी चित्रपटगीतांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ (बेस देणारे) आणि टीआर-८०८ (ठेका देणारे) या यंत्रांच्या साथीने राग वाजवून एक तबकडी काढली. पुढे जगभरच्या नृत्यसंगीताने डोक्यावर घेतलेली हीच ती यंत्रे. काम विलक्षण होते, तरीही ती तबकडी विस्मरणात गेली आणि २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा कुठे जगाने दखल घेतली. यंत्रे हाताशी होती, कसब होते, कान तयार होता. तरी यादीत पहिले येणे ही निराळीच गोष्ट. तिला कंपनी लागते, वेळ जुळावी लागते आणि पडलेले गाणे पुन्हा उभे करण्याची संधी मिळावी लागते. लंडनच्या दोघांना ती मिळाली आणि त्यांनी तिचे चीज केले.

आपल्या लेखात ऑर्लँडो आणि हेग या दोन्ही निर्मात्यांचा उल्लेख नाही. लेखमाला पुढे चालू राहणार असे छापले आहे. पुढच्या भागात ही नावे द्यावीत आणि ‘रातोरात’ हा उल्लेख दुरुस्त करावा, ही विनंती. लेखकमहोदयांनी दोन्ही ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकावीत, आधी १९८४ चे आणि मग १९८५ चे.

आपला,
एक कीबोर्डवादक वाचक, मिरज