रायबागला उतरलेल्या मुलास

बाळा,

तुझं नाव विचारायचं राहून गेलं. बेळगाव जिल्ह्यातल्या रायबागला गाडी थांबली न थांबली तोच तू पाठीला सॅक अडकवून उतरलासही. म्हणून हे असं चारचौघांत लिहितेय. कुणी ओळखीचं वाचेल आणि तुला दाखवेल.

दादरला चढतानाच माझा धीर सुटला होता. आई 84 वर्षांची, गुडघे गेलेले, आठवणही येऊन-जाऊन. खालचा बर्थ नक्की मिळेल असं छातीठोक सांगणाऱ्या एजंटनं हातात मधला आणि वरचा ठेवला होता. समोरच्या गृहस्थांना विनवलं, तर त्यांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली. घरचे तर आधीपासूनच ओरडत होते, विमानानं बेळगावच्या सांबऱ्याला उतरा, या वयात रेल्वेचा हट्ट कशाला? हट्ट आईचा होता, आणि तो पुरवावा असं कुणालाच वाटलं नाही. तू मात्र काही न विचारता आपलं अंथरूण उचललंस, "अज्जी, इल्लि मलकोरी", आजी, इथं झोपा, म्हणालास आणि वर चढून गेलास. त्याचे आभार आहेतच. पण मी लिहायला बसले ते सकाळच्या गोष्टीसाठी.

मिरज आलं आणि आई ताडकन उठून बसली. "सामान मोजा, उतरायचंय." कुणीतरी हसलं. हसण्यासारखं काय होतं त्यात? माझ्या लहानपणी, सत्तरच्या दशकात, मिरजेला उतरावंच लागायचं. मुंबईकडून येणारे रूळ रुंद, ब्रॉडगेज; पुढे बेळगाव-लोंढ्याकडे अरुंद, मीटरगेज. पलीकडे पंढरपूर-लातूरकडे जाणारी अडीच फुटी रुळांवरची चिमुकली गाडी. बाबा गिरणीत. वर्षातून एकदा, मे महिन्यात, गावी खानापूरकडे निघायचो. ट्रंक, वळकटी, फिरकीचा तांब्या, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि आम्ही दोघं भावंडं, असा सगळा लवाजमा हमालामागून पळत गाडी बदलायचा. मग कोळशाचं इंजिन. खिडकीतून डोकं बाहेर काढलं की डोळ्यांत कण जायचा आणि आई पदराला फुंकर मारून तो डोळ्यावर धरायची. तो ऊबदार पदर मला अजून आठवतो.

शेडबाळ गेलं, उगार मागे पडलं की ती त्याच पदराची गाठ सोडायला लागायची. कुडचीच्या आधी कृष्णेचा पूल. चाकांचा आवाज बदलला की नाणं खाली सोडायचं, हात जोडायचे, "कृष्णामाई, सुखरूप पोचीव." तिच्या लेखी गाव तिथूनच सुरू व्हायचं. नव्वदच्या दशकात हे रूळ रुंद झाले, मिरजेचं उतरणं संपलं आणि पूल झोपेतच मागे जायला लागला.

हे सगळं ती मिरजेपासून तुकड्या-तुकड्यांनी बडबडत होती. मी "हो, हो" म्हणत होते, खरं तर ती पुन्हा झोपावी म्हणून. तू वरून ऐकत होतास हे मला कळलंच नाही.

उगार सुटल्यावर तू खाली आलास. "अज्जी, होळी बंतु." होळी म्हणजे नदी, एवढं कन्नड आमच्याकडे सगळ्यांना येतं. आई पदर चाचपायला लागली. गाठ नव्हतीच. माझ्या पर्समध्ये पाचशेच्या नोटा आणि फोन. सुटे पैसे हल्ली असतात कुणाकडे? तू सॅकचे सगळे कप्पे उलटेपालटे केलेस, दोन रुपयांची दोन नाणी शोधलीस, तिच्या तळहातावर ठेवलीस आणि अडकलेलं शटर दोन्ही हातांनी ताकद लावून वर उचलून धरलंस. पूल संपेपर्यंत धरून उभा होतास.

या सीमाभागात भाषेवरून 1956 पासून काय काय झालं, ते आमच्या पिढीनं पाहिलंय, सोसलंयही. म्हणूनच तुझ्या मोडक्या मराठीतलं "सावकाश टाका की अज्जी, नदी मोठी हाय" मी विसरणार नाही. ज्यांची मायबोली माझीच होती, त्यांनी रात्री तोंड फिरवलं होतं. माणूसपण कुणाच्या अंगी असतं ते नावावरून, गावावरून कळत नाही रे.

आईनं एकच नाणं टाकलं. दुसरं पदरात बांधलंय. साडी बदलली की आधी ती गाठ सोडते, नाणं हातात घेऊन बघते आणि नव्या पदराला बांधते. नातवानं विचारलं, हे कशाला? म्हणाली, "परतीला लागंल."