यंदाचे अनारसे माझ्या हातचे

बंगळुरू,
१० मे २०२६

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो तरी पत्र लिहायला बसले, कारण फोनवर आई मला पुढे बोलूच देत नाही. "राहू दे गं, मी करते की" म्हणते आणि विषय तिथेच संपतो. पुढच्या रविवारी, १७ तारखेला अधिक ज्येष्ठ लागतोय. यंदाच्या वाणाचे ३३ अनारसे मी करणार आहे. पीठ मुरायला ठेवलंय. आई, तू तांदूळ भिजत घालू नकोस.

२०२३ च्या अधिक श्रावणात आम्ही वाईला आलो होतो तेव्हा तुझ्या उजव्या मनगटाला पट्टा होता. तरी तू वाणाचे ३३ केलेस आणि वर आम्हाला न्यायला वेगळे. परतताना गाडीत मी एक तोंडात टाकला आणि तुला फोन करून म्हणाले, "या वेळी जरा कडक झालेत का गं?" तू म्हणालीस, "हो बाई, पीठ सुकलं असेल." ते मी तेव्हाच विसरून गेले. यंदा संक्रांतीला आले, तेव्हा तिळाच्या बरणीचं झाकण तू दोन्ही तळव्यांत धरून, छातीशी दाबून उघडताना दिसलीस. बाबा बाहेरच्या खोलीत होते, पण तू हाक मारली नाहीस. त्या क्षणी मला तो फोन आठवला. आई, मला माफ कर. त्याच दिवशी ठरवलं की हे शिकायचं.

पहिला घाणा फेब्रुवारीत केला. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, चौथ्या दिवशी सुती कापडावर पंख्याखाली पसरले आणि ऑफिसच्या कामात गुंतले. दोन तासांनी बघते तर दाणे खडखडीत. पीठ झालं, चाळलंही गेलं, पण गूळ काही धरेना. थापायला घेतलं की कडा फाटायच्या. तू म्हणतेस ते "पीठ सुकलं असेल" म्हणजे काय, ते मला तेव्हा बोटांना समजलं.

दुसऱ्या वेळी भीतीपोटी तांदूळ फारच ओले दळले आणि गूळही सढळ हाताने घातला. तुपात सोडल्याबरोबर अनारसा हसला. लहानपणी तू "हसला गं बाई" म्हणायचीस, तेव्हा मला वाटायचं की हसला म्हणजे छान झाला. जाळी सुटून तो कढईभर पसरला, तळाशी गुळाचा काळा चुरा बसला. एवढं तूप वाया गेलं याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाईट या गोष्टीचं वाटलं की चाळीस वर्षं तू हे करतेस आणि मी एकदाही शेजारी बसून पाहिलं नाही.

तिसऱ्यांदा मी घड्याळ बघणं सोडलं आणि दर दहा मिनिटांनी तांदळात हात घातला. दाणा हाताला गार लागला पाहिजे, पण बोटाला पाणी लागता कामा नये. दळलेलं पीठ मुठीत दाबलं की मूठ टिकते, बोट लावलं की मोडते, तसं झालं आणि मग मी गूळ घेतला. चिकीचा नाही, साधा मऊ. अर्ध्या किलो पिठाला ४०० ग्रॅम. तुझं "बेताने" माझ्या काट्यावर एवढं भरलं. गोळे करून डब्यात दाबून ठेवले आणि आठ दिवस हात लावला नाही. मग खसखशीवर थापला, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवर तुपात सोडला, उलटला नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहिले. मधोमध बारीक भोकं पडत गेली आणि ती हळूहळू कडेपर्यंत पोचली. मी गॅसपाशी उभी राहून रडले. तुझ्या जावयाला वाटलं भाजलं की काय. निथळायला चाळणीत उभे लावले, तू लावतेस तसे एकाला एक टेकवून.

बाबा, तुमच्या वाट्याचं आता. आजीच्या हातचा वाणावर झाकायचा क्रोशाचा रुमाल कडेने विरलाय, म्हणून तसाच नवा विणायला घेतलाय. अनारसे जाळीचे, बत्तासे जाळीचे, तर वरचा रुमालही जाळीचाच हवा. मी आयुष्यात पहिल्यांदा क्रोशाची सुई धरली. साखळी जमली, खांब म्हणजे उभे टाकेही जमले, पण रुमाल सपाट बसेना. चौथ्या फेरीपर्यंत त्याची वाटी झाली. मी उसवायला निघाले होते, तेव्हा व्हिडिओ कॉलवर तुम्ही म्हणालात, "थांब, खांब मोज." पहिल्या फेरीत १२, दुसरीत २४, तिसरीतही २४. तुम्ही कधी सुई धरली नाहीत, पण वहीवर वर्तुळं काढून दाखवलीत की त्रिज्या दर फेरीला सारखी वाढते, तर घेरही दर फेरीला सारखाच वाढला पाहिजे. १२, २४, ३६, ४८. कमी पडले तर वाटी होणार, जास्त झाले तर झालर. रुमाल आता सात फेऱ्यांचा झालाय आणि टेबलावर पाण्यासारखा पसरतो.

तुमच्या तोंडून असं गणित मी शाळेत असताना खूप ऐकलंय. अनारसे ३३च का, असं मी विचारलं होतं. तुम्ही पाटीवर लिहून दाखवलंत, चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर ३६५चं, दर वर्षी ११ दिवस मागे, तीन वर्षांत ३३. लोक तेहेतीस कोटी देवांशीही जोडतात, तेही तुम्ही सांगितलंत. मला मात्र तुमची वजाबाकीच लक्षात राहिली. धोंड्याचा महिना म्हणजे राहिलेले दिवस भरून काढणं, असं तुम्ही म्हणाला होतात.

आम्ही शुक्रवारी, २२ तारखेला येतोय. पिठाचा डबा मी मांडीवर घेऊन येईन. तूप इथून आणणार नाही, आपल्याकडचं घरचंच घेऊ. बाबा, वाणाचं ताट माळ्यावर आहे, ते तुम्ही शिडीवर चढून काढू नका, आम्ही काढू. आई, तू मनगटाला पट्टा बांधून कढईजवळ खुर्ची घेऊन बस. थापणं, तळणं माझं. तूप किती तापलं की पहिला सोडायचा, ते अजून मला नीट ओळखता येत नाही. दर वेळी पहिले दोन तांबूस होतात. ते तेवढं तू सांग.

आणि बाबा, आजीच्या रुमालाच्या कडेच्या पाकळ्यांचा फोटो उजेडात, जवळून काढून पाठवा. एका पाकळीत पाच खांब आहेत की सहा, ते मागच्या फोटोत दिसत नाही. मोजून कळवलंत तरी चालेल.

तुमची,
धाकटी