टाकणखाराने स्टेनलेस जुळत नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत घरी भट्टी लावून दमास्कस चाकू, म्हणजे दोन प्रकारच्या स्टीलचे थर तापवून घणाने एकजीव केलेले नक्षीदार चाकू, करणाऱ्या पोरांवरचा लेख वाचला. पोरं ऐरणीकडे वळतायत याचा खूप आनंद झाला. पण त्यात एक वाक्य आलंय, गंज नको असेल तर स्टेनलेसचे तुकडे घ्या आणि टाकणखार टाकून तसेच जोडा. हे वाचून कोणीतरी उद्या भंगारात जाऊन पैसे घालवून बसेल म्हणून लगेच लिहायला घेतलं, कारण माझी स्वतःची पहिली थप्पी (एकावर एक रचलेल्या पट्ट्या) मी अशीच केली होती आणि तिसऱ्या घणाला ती वहीच्या पानांसारखी उघडली.

साध्या पोलादावर तापताना धरणारी खपली टाकणखारात विरघळते, स्टेनलेसवरचा क्रोमियमचा पापुद्रा विरघळत नाही, सगळी अडचण तिथेच आहे. म्हणून पट्ट्या चकचकीत घासायच्या, अ‍ॅसिटोनने पुसायच्या, थप्पी लावून चारही बाजू टिग वेल्डिंगने (विजेच्या ठिणगीचं बारीक वेल्डिंग) बंद करायच्या, आत हवा शिरायला फट ठेवायची नाही आणि मगच भट्टीत. काहीजण टाकणखाराऐवजी फ्लोराइडवाला फ्लक्स (खपली विरघळवणारी पूड) वापरा म्हणतात, त्याचा धूर विषारी असतो, घरी तर अजिबात नको.

आता स्टील कुठलं. भांड्यांचं ३०४ म्हणजे १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल, आणि कार्बन जेमतेम ०.०८ टक्क्यांपर्यंत, त्याला कितीही पाणी द्या, म्हणजे तापवून झटकन गार करा, ते कडक होणारच नाही. मग भंगारवाला सांगतो चुंबक लावून बघा, चिकटलं की हार्ड होतं. असं नाही हो! ४३० नावाच्या स्टेनलेसला पण चुंबक मस्त चिकटतं आणि ते पण पाणी धरत नाही, मी एकदा हेच ४४०सी (कडक होणारं चाकूचं स्टेनलेस) समजून घेतलं आणि दोन दिवसांची मेहनत मऊ पात्यात गेली. त्यामुळे टेस्ट सर्टिफिकेट मिळत असेल तरच माल उचला, दोन पैसे जास्त गेले तरी चालेल.

जोडी निवडताना नक्षीच्या आधी बघायचं की दोन्ही स्टील एकाच तापमानाला कडक होतात का. स्वीडनची दमास्टील कंपनी आरडब्ल्यूएल ३४ आणि पीएमसी २७ ही दोन स्टेनलेस एकत्र वापरते, दोन्हीत क्रोमियम साधारण सारखंच पण कार्बन आणि मॉलिब्डेनम वेगळं, म्हणून पाणी दोघांना एकत्र देता येतं आणि अ‍ॅसिडमध्ये रंग मात्र वेगळा उठतो. एईबी-एल हे मूळचं दाढीच्या ब्लेडचं स्टील, ०.६७ टक्के कार्बन, १३ टक्के क्रोमियम, नवशिक्याला मी तरी हेच सांगेन. आणि ३०४ वापरायचंच असेल तर बाहेरच्या नक्षीच्या थरात वापरा, धार मधल्या कडक पट्टीची, जपानी चाकूंमध्ये मध्ये व्हीजी १० हे कडक स्टेनलेस आणि दोन्ही बाजूंना मऊ स्टेनलेसचे थर असतात तसं. ३०४ धारेत आलं की तेवढी जागा लवकर बोथट होते.

अजून एक. साधं पोलाद तापून त्याला चुंबक चिकटायचं थांबलं, म्हणजे ७७० अंशांच्या थोडं वर गेलं, की आपण ते तेलात बुडवतो. कडक होणाऱ्या या स्टेनलेसला १०५० ते १०८० अंश लागतात आणि तिथे काही मिनिटं थांबावं लागतं, ते रंगावरून कळत नाही, थर्मोकपलवाली (तापमान मोजणारी) फर्नेस पाहिजेच. नंतर तेलाची गरज नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या दोन जाड प्लेटांमध्ये दाबून गार केलं तरी पुरतं. आणि घडवताना लाली उतरली की घण थांबवा, हे स्टील हवेतच कडक होतं आणि तडकतं.

लेखातल्या फोटोतला एक चाकू मला लेझरने नक्षी काढलेला वाटला, पात्याच्या पाठीवर एकही थर दिसत नव्हता, आणि खरी नक्षी पाठीवरूनही जाते. घेणाऱ्यांनी पाठ बघूनच पैसे द्यावेत.

पुढच्या रविवारी निदान टाकणखाराच्या वाक्याची दुरुस्ती चौकटीत छापावी ही कळकळीची विनंती.

आपला नियमित वाचक,
भोसरी, पुणे