संगणक कक्षाची किल्ली कुणाकडे?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या जूनमध्ये सीईटीचा, म्हणजे बारावीनंतर इंजिनीअरिंग-फार्मसीच्या प्रवेशासाठी राज्य घेतं त्या परीक्षेचा, निकाल लागला, त्या आठवड्यात आपल्या दैनिकात शिकवणी वर्गांच्या पानपानभर जाहिराती होत्या. अकोला, अमरावती, नागपूर. पासपोर्ट फोटोंच्या रांगा आणि प्रत्येक फोटोखाली नव्याण्णव पूर्णांक काहीतरी. त्यातलं एक पान आठ दिवस माझ्या काउंटरवर पडून होतं. येणारा-जाणारा ते उलगडायचा, ओळखीचं आडनाव शोधायचा आणि घडी घालून ठेवायचा.

मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा हे वर्षभराचं काम. जानेवारी लागला की त्यात सीईटीचे फॉर्म येतात. मी प्राध्यापक नाही, माझी स्वतःची बारावीसुद्धा कला शाखेची. पण ही परीक्षा देणारी गावाकडची पोरं फॉर्मपासून निकालापर्यंत माझ्याच खुर्चीसमोर उभी असतात, म्हणून लिहितो आहे.

मागच्या मार्चमधली गोष्ट. बारावी विज्ञानाची एक मुलगी प्रवेशपत्राची चौकशी करायला आली होती. पोरगी हुशार, भौतिकशास्त्राची गणितं तोंडावर सोडवणारी. ही परीक्षा घेणाऱ्या राज्याच्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर सरावाचा पेपर फुकट असतो, तो मी तिला माझ्या संगणकावर उघडून दिला. तिनं प्रश्न वाचला, उत्तर मनात काढलं आणि मॉनिटरच्या काचेवर बोट टेकवलं. एकदा, दोनदा, मग जरा जोरात. "भाऊ, हे दाबूनच नाही रायलं." मी माऊस पुढे सरकवला. तो टेबलाच्या कडेपर्यंत गेला की ती थांबायची, कारण बाण अजून अर्ध्या पडद्यावरच असायचा. माऊस उचलून परत मधे ठेवायचा असतो, हे तिला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार तरी कोण? घरात एक मोबाईल, तोही बापाच्या खिशात.

त्या दिवशी भौतिक आणि रसायन मिळून तिचे साठेक प्रश्न झाले आणि वेळ संपली. हे दोन विषय मिळून शंभर प्रश्न आणि नव्वद मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला चोपन्न सेकंद. त्यातली दहा-पंधरा सेकंद बाण उत्तराच्या गोलात नेण्यात गेली तर अभ्यास कितीही असो, पेपर पुरा होत नाही. पुढचे चार दिवस ती संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला येत राहिली. चौथ्या दिवशी नव्वदच्या वर प्रश्न झाले. चार दिवसांत तिचं भौतिकशास्त्र काही वाढलं नव्हतं, हात तेवढा बसला होता.

सीईटी २०१९ पासून संगणकावर होते. त्याआधी कागदावर गोल काळे करायचे होते, तेव्हा यवतमाळचा पोरगा आणि पुण्याचा पोरगा निदान पेनाच्या बाबतीत तरी सारखे होते. आता पुण्याच्या पोराच्या टेबलावर लॅपटॉप आहे. आमच्याकडचे बरेच पोट्टे पहिला माऊस परीक्षा केंद्रावरच हातात घेतात.

नुसता माऊस असता तरी भागलं असतं. उत्तर निवडून 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबावं लागतं. बाजूच्या आकड्यांवर टिचकी मारून थेट पुढच्या प्रश्नावर गेलं तर निवडलेलं उत्तर जतन होत नाही. पहिल्या भागाची नव्वद मिनिटं संपली की गणिताचा किंवा जीवशास्त्राचा भाग सुरू होतो, मग मागे वळता येत नाही. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. डॉक्टरकीच्या प्रवेशाच्या नीटला कापतात, एका चुकीला एक. दोन्हींचे फॉर्म भरलेली पोरं नीटच्या धास्तीनं इथेही प्रश्न कोरे सोडून येतात. मागच्या वर्षी एकानं मला अभिमानानं सांगितलं, "जे पक्कं येत होतं तेवढंच केलं भाऊ." मी काय बोलणार? पेपर देऊन आला होता.

भाषेचाही घोळ आहे. फॉर्म भरताना पोरं विचारतात, मराठी टाकू का इंग्रजी? गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो, बाकीचे विषय मराठीत घेता येतात. पण दहावीपर्यंत संवेग आणि त्वरण शिकलेला पोरगा अकरावी-बारावीची दोन वर्षं मोमेंटम आणि अ‍ॅक्सिलरेशन वाचत असतो, कारण विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत. सर शिकवतात मराठीत, फळ्यावर लिहितात इंग्रजीत. मी एवढंच विचारतो की तुझी वही कोणत्या भाषेत आहे? ज्या भाषेत वही, त्या भाषेत पेपर.

आता मूळ मुद्दा. आमच्या भागातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात संगणक कक्ष आहे. मी स्वतः पाहिला आहे, प्रिंटर दुरुस्तीला गेलो होतो तेव्हा. पंधरा-सोळा संगणक, काहींवर अजून प्लॅस्टिकची खोळ. बॅटरी बॅकअप आहे, नेट आहे. दाराला कुलूप, आणि किल्ली एका कारकुनाकडे. ते सांगत होते की कक्ष तपासणीला उघडतो आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षेला. बाकी दिवस "पोरं बिघडवतात" म्हणून बंद. बिघडेल हे खरंच आहे. माझ्या केंद्रावर वर्षाला दोन माऊस आणि एक कीबोर्ड जातो. तीनशे-चारशे रुपयांचा माऊस. आणि पोराचं अख्खं वर्ष गेलं तर ते कोणत्या खात्यात धरायचं?

बारावी बोर्डाचा पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये संपतो आणि सीईटी एप्रिलमध्ये लागते. मधला महिना हाच खरा सरावाचा. पण गावात बारावी झाली म्हणजे परीक्षा झाली. पोरगा रिकामा दिसला की हरभरा काढायला चल, मामाच्या लग्नाला चल, बैल पाहायला चल. बापाला दोष देत नाही, त्यालाही माणूस हवाच असतो. त्याला बोर्ड समजतं, सीईटी समजत नाही. इंजिनीअरिंगला बोर्डाचे विज्ञान-गणितात ४५ टक्के (राखीव प्रवर्गाला ४०) मिळाले की पुढचा नंबर सीईटीवरच लागतो, हे मी काउंटरवरून ओरडून सांगतो. निकाल लागल्यावर मात्र तेच बाप विचारतात, "नव्वद पडले ना, मग सरकारी कॉलेज काऊन नाही?" पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत. नव्वद म्हणजे ज्या पाळीत तू पेपर दिलास त्या पाळीत शंभरातले नव्वद तुझ्या बरोबरीला किंवा मागे आहेत, दहा पुढे आहेत. आणि राज्यभर दहा टक्के म्हणजे किती हजार पोरं, याचा हिशेब तुम्हीच करा. हे समजावून सांगताना माझा चहा दरवेळी थंड होतो.

ज्यांना परवडतं ते अकरावीलाच अकोल्याला खोली करतात. नाव गावाकडच्या कॉलेजात, पोरगा शिकवणीत. हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर मी नवीन काय लिहू. मला राहून राहून वाटतं ते मागे उरलेल्यांचं. सकाळच्या पाळीला साडेसातला केंद्रावर हजर राहायचं म्हणून आदल्या दिवशीच एसटीनं यवतमाळ गाठणारे, नातेवाइकाकडे रात्र काढणारे, एप्रिलच्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून रांगेत उभे राहणारे. त्यांना शिकवणी कुणी देऊ शकणार नाही. सोळा संगणक आहेत, ते तरी उघडा.

शिक्षण विभागानं आणि संस्थाचालकांनी बोर्डाचा शेवटचा पेपर झाल्यावर सीईटीपर्यंत रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी तीन तास हे कक्ष उघडे ठेवावेत, एवढीच मागणी आहे. सरावाचा पेपर संकेतस्थळावर आहे, त्याला पैसे लागत नाहीत. एक माणूस बसावा लागेल. तालुक्यातल्या माझ्यासारख्या केंद्रचालकांशी मी बोललो आहे. आम्ही चौघं पाळीपाळीनं बसायला तयार आहोत, बिघडलेला माऊस आमच्या खर्चानं बदलून देऊ, तसं लिहूनही देऊ. त्या महाविद्यालयाला डिसेंबरमध्ये तसा अर्ज दिला आहे. आवक क्रमांक मिळाला, उत्तर अजून नाही.

तोवर माझ्याकडच्या तीन संगणकांपैकी एक संध्याकाळी सातनंतर रिकामा असतो. मागच्या आठवड्यापासून दोन मुली आणि एक मुलगा येतो आहे. त्यातल्या एकीनं काल काचेला बोट लावलं.

आपला एक वाचक,
सेवा केंद्र चालक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ